चारचौघांतला ताळा

१९९३ च्या वसंतात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गणित विभागात एक अभ्यासक्रम सुरू झाला. नाव अगदी साधे, ‘एलिप्टिक वक्रांवरची आकडेमोड’. शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू वाइल्स. फळा भरायचा, पुसला जायचा, पुन्हा भरायचा. ही सगळी आकडेमोड कशासाठी चालली आहे, हे वर्गाला सांगितलेले नव्हते. मुक्काम माहीत नसताना इतकी अवघड वाट कोण चालणार? विद्यार्थी एकेक करून गळाले आणि काही आठवड्यांनी समोर एकच श्रोता उरला. तो होता निक कॅट्झ, त्याच विभागातला प्राध्यापक. आपल्यासमोर फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या सिद्धतेचा सर्वांत नाजूक भाग मांडला जातो आहे, हे त्या खोलीत फक्त या दोघांना ठाऊक होते. वाइल्सने सात वर्षे एकट्याने काम केले होते. जाहीर करण्याआधी ते कोणाला तरी समजावून सांगणे त्याला भाग होते, आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून दोघांनी अभ्यासक्रमाचा आडोसा घेतला होता.

त्याच आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर, फायरस्टोन ग्रंथालयाच्या इमारतीत ‘इंडस्ट्रियल रिलेशन्स सेक्शन’ नावाचा १९२२ मध्ये स्थापन झालेला विभाग होता. तिथे डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर हे दोन अर्थतज्ज्ञ बर्गर आणि तळलेल्या कोंबडीच्या दुकानांची माहिती जुळवत बसले होते. न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढेच राहिले. वाढीच्या आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि नंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, दोन्ही राज्यांतल्या ४१० दुकानांना विचारले गेले: तुमच्याकडे किती माणसे कामाला आहेत?

ही दोन कामे एकमेकांपासून जितकी दूर असू शकतात तितकी दूर आहेत. एकात जगातल्या कुठल्याही वस्तूचा संबंध नाही, दुसऱ्यात तेलाचा वास आहे. तरी मला ती नेहमी एकत्र आठवतात, कारण दोन्ही कामे शेवटी एकाच जागी येऊन उभी राहिली. ती जागा म्हणजे पंधरा-वीस खुर्च्यांची खोली, पुढे एक बोलणारा आणि समोर त्याला थांबवायचा हक्क असलेली माणसे. विद्यापीठात तिला सेमिनार म्हणतात. शाळेत गणित सोडवल्यावर गुरुजी ताळा करून बघायला लावायचे. सेमिनार म्हणजे चारचौघांत केलेला ताळा, असे मी समजते. आपला ताळा आपण केला की चूक बहुधा तशीच राहते. गणित करताना हात जिथे घसरला, ताळा करतानाही तो तिथेच घसरतो.

मी अर्थशास्त्राची. गणित पदवीपर्यंत होते आणि त्याची ओढ सुटलेली नाही, म्हणून दोन्हीकडच्या सेमिनारांना जाऊन बसत आले. दोन्हींची चाल वेगळी आहे. शुद्ध गणिताच्या खोलीत फळा लागतो, खडू लागतो, तासाभराचे बोलणे असते आणि दहाव्या मिनिटाला निम्मी खोली वाट चुकलेली असते. हे सगळ्यांना माहीत असते आणि त्यात कमीपणा नसतो. कोणी तरी मागून विचारतो, ‘हा समूह सांत धरलाय का?’ बोलणारा ‘हो’ म्हणतो, कोपऱ्यात एक शब्द वाढवतो आणि पुढे जातो. तो एक शब्द नसता तर प्रमेय खोटे ठरले असते.

श्रम-अर्थशास्त्राच्या खोलीत दीड तास असतो आणि दुसऱ्या स्लाइडलाच हात वर होतात. अनेक विद्यापीठांत लेख आधीच वाटलेला असतो. शिकागोची ही जुनी रीत आहे: लेख सगळ्यांनी वाचून यायचा, लेखकाने तो वाचून दाखवायचा नाही, थेट हरकतींना उत्तरे द्यायची. मिल्टन फ्रीडमनच्या कार्यशाळेत तर पानापानाने चर्चा चाले. कोलंबिया विद्यापीठात १९६० च्या दशकात गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर मिळून श्रम-अर्थशास्त्राची कार्यशाळा चालवत. शिक्षणाने मिळकत किती वाढते, हा आज आपल्याला साधा वाटणारा प्रश्न तिथे घासूनपुसून तयार झाला.

या खोलीतला ठरलेला प्रश्न एकच असतो, शब्द फक्त बदलतात: ‘हे याच्यामुळेच झाले, हे कशावरून?’

हा संशय एका दिवसात आला नाही. १९७८ मध्ये प्रिन्स्टनच्या ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या कामगारांच्या मिळकतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षणानंतर मिळकत वाढलेली दिसत होती. पण आकडे मागे नेऊन पाहिले तर प्रशिक्षणाच्या ऐन आधीच्या काळात याच लोकांची मिळकत घसरलेली होती. उघड आहे, नोकरी गेली, हात रिकामे झाले, म्हणून तर माणूस प्रशिक्षणाला आला. मग नंतरची वाढ प्रशिक्षणाने झाली की खड्ड्यात पडलेला माणूस आपसूक वर आला? त्या खड्ड्याला आजही अ‍ॅशेनफेल्टरचेच नाव आहे. पुढे १९८६ मध्ये, प्रिन्स्टनमध्येच घडलेल्या रॉबर्ट लालोंडने एक धाडस केले. एका रोजगार कार्यक्रमात लोकांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती, त्यामुळे खरे उत्तर हाती होते. त्याने तेच उत्तर त्या वेळच्या प्रचलित संख्याशास्त्रीय पद्धतींनी मिळते का ते पाहिले. पद्धतीगणिक उत्तर बदलत गेले, आणि बरीच उत्तरे खऱ्याच्या जवळपासही नव्हती. आपली हत्यारे बोथट आहेत हे एखाद्या शास्त्राने स्वतःच्याच खोलीत, स्वतःच्याच विद्यार्थ्याकडून ऐकून घेणे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हे वाचताना माझे काळीज हलले त्याला कारण आहे. तरुणपणी मी एका दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचला होता. विषय ऊसतोड कामगारांचा. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते आणि बाईची मजुरी वेगळी कुठे लिहिलीच जात नाही. तोडीला जाणारी घरे आणि गावात राहिलेली घरे यांची तुलना करून मी दाखवले होते की तोडीला गेल्याने मुलांची शाळा बुडते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि लांबलेल्या उद्घाटनानंतर माझ्या वाट्याला सात मिनिटे आली. मी वाचले, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी अभ्यासपूर्ण निबंध म्हणून कौतुक केले, प्रमाणपत्र मिळाले. एकही प्रश्न आला नाही. चार वर्षांनी माझी चूक मलाच दिसली. तोडीला जाणारी घरे मुळातच कोरडवाहू जमिनीची, मुकादमाच्या उचलीखाली दबलेली होती. त्यांची मुले गावात राहिली असती तरी शाळेत टिकली असती का? मी खड्ड्यातल्या माणसाची तुलना काठावरच्या माणसाशी केली होती. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण तो मी सिद्ध केलेला नव्हता. त्या दिवशी सभागृहात दीडशे माणसे होती आणि त्यांतल्या एकाने जरी हात वर केला असता तर माझी चार वर्षे वाचली असती. टाळ्यांपेक्षा तो हात मला हवा होता, हे आज मला कळते.

प्रिन्स्टनमध्ये ते हात भरपूर होते. कार्ड आणि क्रूगर यांचा लेख सप्टेंबर १९९४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. पाठ्यपुस्तक सांगत होते की मजुरी वाढवली की माणसे कमी होतात. यांच्या आकड्यांत न्यू जर्सीच्या दुकानांतले सरासरी मनुष्यबळ २०.४४ वरून २१.०३ झाले होते आणि पेनसिल्व्हेनियातले २३.३३ वरून २१.१७ वर आले होते. मग हरकतींची रांग लागली. फोनवर दुकानाच्या व्यवस्थापकाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? पूर्णवेळ आणि अर्धवेळ माणसे कशी मोजली? आठ महिने पुरेसे आहेत का? डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून उलटा निष्कर्ष मांडला. त्यावर कार्ड-क्रूगर यांनी सरकारी रोजगार-नोंदी घेऊन पुन्हा ताळा केला आणि २००० मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर दिले. वाद अजून मिटलेला नाही, पण आता तो पाठ्यपुस्तकातल्या वाक्यावरून होत नाही, आकडे कसे गोळा केले यावरून होतो. कार्ड यांनी पुढे सांगितले की या कामापायी अनेक जुने स्नेही दुरावले आणि म्हणून त्यांनी हा विषयच सोडला. क्रूगर २०१९ मध्ये गेले. कार्ड यांना २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग मिळाला, दुसरा अर्धा जोशुआ अँग्रिस्ट आणि खीडो इम्बेन्स यांना वाटून मिळाला.

अँग्रिस्टची गोष्ट सांगायलाच हवी. तो प्रिन्स्टनचा विद्यार्थी. अ‍ॅशेनफेल्टर एकदा वर्गात आले आणि नुकत्याच वाचलेल्या एका वैद्यकीय लेखाबद्दल बोलू लागले. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली होती. त्या सोडतीचा उपयोग करून लेखकांनी युद्धाचा मृत्युदरावरचा परिणाम शोधला होता. मिळकतीसाठीही कोणी तरी हे करायला हवे, असे अ‍ॅशेनफेल्टर सहज म्हणाले. अँग्रिस्ट वर्गातून उठून थेट ग्रंथालयात गेला आणि त्याचा प्रबंध तिथून सुरू झाला. पुढे हार्वर्डमध्ये तो आणि इम्बेन्स शेजारी राहत. शनिवारी सकाळी दोघे कपडे धुवायला एकत्र जात आणि यंत्र फिरत असताना कारण-परिणामाचे गणित बोलत. सेमिनारला चार भिंती लागतातच असे नाही, समोर अडवणारा माणूस मात्र लागतो.

आता वाइल्सकडे. जून १९९३ मध्ये केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये २१, २२ आणि २३ तारखेला त्याची तीन व्याख्याने झाली. तिसऱ्याच्या शेवटी साडेतीनशे वर्षांचे प्रमेय फळ्यावर उभे राहिले आणि बातमी जगभर गेली. नंतर सुमारे दोनशे पानांचे हस्तलिखित सहा परीक्षकांत वाटले गेले. तिसरे प्रकरण आले निक कॅट्झकडे, म्हणजे वर्गात शेवटपर्यंत बसलेल्या त्याच श्रोत्याकडे. तो ओळ ओळ वाचत होता आणि जे समजत नाही ते कळवत होता. बहुतेक शंकांना लगेच उत्तर येई. ऑगस्टमध्ये एका शंकेला उत्तर आले, पण कॅट्झचे समाधान झाले नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारले. तिथे भोक निघाले. ज्या युक्तिवादावर सगळे उभे होते तो त्या जागी लागूच पडत नव्हता.

मला यातले सगळ्यात थोर वाटते ते ‘पुन्हा विचारले’ हे. कॅट्झने वर्गात हेच ऐकले होते आणि तेव्हा त्यालाही ते पटून गेले होते. म्हणजे आता ‘मला समजत नाही’ म्हणताना तो स्वतःच्या आधीच्या होकारालाही खोडत होता. वाइल्सचे पुढचे वर्ष फार वाईट गेले. रिचर्ड टेलर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला त्याने मदतीला घेतले आणि १९ सप्टेंबर १९९४ रोजी वाट सापडली. १९९५ मध्ये दोन लेख ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आले, एक वाइल्सचा आणि एक दोघांचा.

प्रश्नांची ही धार जखमाही करते, ते झाकून चालणार नाही. मॉस्कोत इझ्राएल गेलफंड यांचा सेमिनार १९४३ पासून चाले, सोमवारी संध्याकाळी. वेळेचे बंधन नसे. गेलफंड वक्त्याला मध्येच थांबवत आणि समोरच्या एखाद्या कोवळ्या विद्यार्थ्याला विचारत, तुला काय समजले ते सांग. त्याला सांगता आले नाही तर दोष वक्त्याचा. या खोलीतून गणितज्ञांच्या पिढ्या घडल्या. पण तिथे अपमान झालेल्यांच्या आठवणीही कमी नाहीत. अर्थशास्त्राबद्दल तर मोजणीच झाली आहे. २०२१ मध्ये पास्कलिन दुपा, अ‍ॅलिशिया मोदेस्तिनो, म्युरिएल नीडर्ले, जस्टिन वुल्फर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शेकडो सेमिनारांत माणसे बसवून प्रत्येक प्रश्नाची नोंद केली. स्त्री वक्त्यांना पुरुषांपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त प्रश्न विचारले गेले होते, आणि शिकवल्याच्या किंवा खेकसण्याच्या सुरात विचारलेल्या प्रश्नांचे प्रमाणही त्यांच्या वाट्याला जास्त होते. श्रम-अर्थशास्त्राने स्वतःच्या श्रमाच्या जागेवर स्वतःचीच पद्धत लावली, हे मला फार आवडले. माझ्या त्या सात मिनिटांत मला एक प्रश्न हवा होता. दर दोन वाक्यांना एक असा आडवा प्रश्न आला असता तर कदाचित मी संशोधन तिथेच सोडले असते. दोन्ही खरे आहे.

पॅरिसच्या बुरबाकी सेमिनारने १९४८ पासून वेगळी रीत घातली. नवे प्रमेय ज्याने शोधले त्याने ते सांगायचे नाही, दुसऱ्याने समजून घेऊन मांडायचे आणि लिहून द्यायचे. आपल्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, तोही समोरच्याने मान डोलवावी इतका चोख. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या तोंडून नीट निघाले की मगच आपल्याला बोलायचा अधिकार, ही शिस्त दोन्हीकडे एकच.

मुंबईने ही शिस्त पाहिलेली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याच्या आजच्या इमारतीत जाण्याआधी, १९४९ पासून, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कोमरावोलू चंद्रशेखरन यांनी तिथे गणिताची शाळा उभी केली. ते जगातले मोठे गणितज्ञ बोलावत, आणि त्यांच्या व्याख्यानांची टिपणे तयार करण्याचे काम पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्यांवर सोपवत. टिपण म्हणजे ऐकलेले उतरवणे नव्हे. फळ्यावर जी पायरी ‘उघड आहे’ म्हणून सुटली ती विद्यार्थ्याने भरायची, अडले तर पाहुण्याला गाठून विचारायचे. लोराँ श्वार्त्झ यांच्या १९५५ च्या व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांची आहेत. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री १९५३ मध्ये चेन्नईच्या लॉयोला कॉलेजातून एकत्र इथे आले होते, आणि १९६५ मध्ये दोघांच्या नावाचे प्रमेय ‘अ‍ॅनल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी फेब्रुवारी १९५६ मध्ये झीटा फलनांवर इथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आटले सेलबर्ग यांनी आपले ‘ट्रेस सूत्र’ मांडले, आणि तो लेख छापून आला इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये. संख्याशास्त्र नव्हे, संख्यांचे शास्त्र करणारा जगातला कोणीही आजही त्या भारतीय अंकाचा दाखला देतो.

श्रम-अर्थशास्त्राला तर महाराष्ट्राच्या मातीतलाच प्रश्न मिळाला होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेली रोजगार हमी पुढे राज्याचा कायदा झाली. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले, त्यामागोमाग हमीची मजुरीही वाढली. मजुरी वाढली की कामावर येणारे वाढायला हवेत. हजेरी मात्र घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी महिन्यामहिन्याच्या हजेरीचे आकडे घेऊन १९९३ मध्ये विचारले, हमी अजून हमी आहे का? ही घट पाऊसपाणी आणि नेहमीच्या चढउतारांनी समजावता येते, की मागणाऱ्याला काम नाकारले जाऊ लागले आहे? त्यांना कामाचे रेशनिंग सुरू झाल्याची चिन्हे दिसली. तीच साले, तोच प्रश्न, न्यू जर्सीत बर्गरच्या दुकानावर आणि आपल्याकडे पाझर तलावाच्या खड्ड्यावर. हा लेख जिल्ह्याजिल्ह्याच्या महाविद्यालयात फळ्यासमोर फोडला जायला हवा होता. खडी फोडलेल्या आयांची मुले तिथे बसली होती. त्यांच्याइतके नेमके प्रश्न दुसरे कोण विचारणार होते?

मराठी माणूस अशा खोलीत उभा राहिल्याचा एक जुना दिवस मला माहीत आहे. ९ मे १९१६. न्यू यॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवर निबंध वाचत आहेत. आधी ते चार अभ्यासकांच्या व्याख्या पुढे ठेवतात: सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जातीवरचा ग्रंथ १९०९ मध्ये कॉर्नेलमधून आलेला. आंबेडकर केतकरांच्या मोकळ्या बुद्धीची वाखाणणी करतात, आणि मग दाखवतात की त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे, जन्माने सभासदत्व आणि बाहेर लग्नाला बंदी, वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. त्यातून त्यांचा स्वतःचा सिद्धान्त उभा राहतो. निबंधाच्या अखेरीस ते सांगतात की हे टिकणारे नाही असे कोणी दाखवून दिले तर ते सोडून द्यायला मी तितकाच तयार आहे.

वीस वर्षांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. त्या भाषणात श्रम-अर्थशास्त्राचा गाभा होता. जात म्हणजे कामांची वाटणी, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले होते की ती काम करणाऱ्यांचीच कप्प्यांत वाटणी करते. धंदा बदलायची मुभा नसल्याने बेकारीचे ती थेट कारण होते. मंडळींनी भाषण आधी वाचायला मागितले, काही भाग गाळायला सांगितला, आंबेडकरांनी नकार दिला आणि परिषद रद्द झाली. मे १९३६ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने त्याच्या दीड हजार प्रती छापल्या. त्या दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मधून हरकती घेतल्या. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा आंबेडकरांनी मूळ भाषणाच्या मागे गांधीजींच्या त्या हरकती छापल्या, आणि त्यांच्यामागे आपले उत्तर.